मृदंगाला हसणारी

वडनेरच्या विठ्ठल मंदिरात लाकडी फळ्यांचा एक बुटका मंच आहे. मृदंग आणि पेटी त्याच्यावर. बुवा आणि टाळकरी पुढे फरशीवर उभे. कीर्तनाच्या गोडीने बसणाऱ्या माणसाला ठाऊक असतं, बुवांचा गळा कितीही गोड असो, मागून मृदंगाची थाप पडल्याशिवाय अंगावर काटा येत नाही. वडनेरात ती थाप वासुदेवरावांची. मृदंगाच्या डाव्या तोंडाला, धुमेला, ओली कणीक लावायची, बोटं धोतराच्या कडेला पुसायची, डोळे मिटून विठ्ठलाला आतल्या आत एकदा विचारायचं आणि मग डावा तळवा पडू द्यायचा. सगळा मंच गुरगुरून उठतो.

त्या मंचावर, वासुदेवरावांच्या मांडीला लागून, गोधडीवर त्यांची नात पडलेली असायची. नाव चारुता, हाक चारू, वय नऊ महिने. पहिल्या थापेला तिचे दोन्ही पाय वर. दुसरीला ती हसायची, नुसती ओठांनी नाही, पार पोटापासून. लय वाढली की मुठी वळून हवेत हाणायची.

"बुवा, दोन वर्सांत ही पोट्टी मले घरी बसवते," चिंधू वासुदेवरावांना म्हणायचा. चिंधू त्यांच्या हाताखाली मृदंग शिकत होता; त्यांनाही तो बुवाच म्हणायचा. केस पिकायला लागले होते, तरी शिकतच होता.

"दोन वर्सं कायले? तू आजच बस. तुह्यापेक्षा सम तिले आधी समजते."

मंडपातल्या बायका खुसखुसायच्या. चारूची आजी सुलोचना तिथल्या तिथे बोटं मोडून नातीची दृष्ट काढायची. आणि खांबाशी बसलेली चारूची आई, वर्षाली, चारचौघींत हसायला हवं म्हणून हसायची. तिचं लक्ष लेकीच्या पायांकडे नसायचंच. ती लेकीच्या कानांकडे बघत असायची.

ते सुरू झालं एका दुपारी. चारू पाळण्यात झोपलेली होती. वर्षालीच्या हाताचा धक्का लागून फळीवरची पितळी परात खाली आली, आपटली, गरगरत भिंतीपर्यंत गेली. मांजर उडालं. अंगणातून सुलोचना ओरडली, "काय पाडलं वं?" शेजारचं कुत्रं भुंकलं. चारूची पापणीसुद्धा हलली नाही.

गाढ झोपली असन, असं वर्षालीने स्वतःला सांगितलं. परात उचलून फळीवर ठेवली आणि पुन्हा पाळण्याशी गेली.

त्या दिवसापासून ती लेकीच्या पाठीमागे उभी राहायला लागली. मागून टाळी वाजवायची. मागून ताटलीवर चमचा आपटायची. कुकरची शिट्टी व्हायच्या वेळेला ओट्याशी उभी राहून चारूच्या मानेकडे बघत राहायची. कधी चारू वळायची, कधी नाही. वळली की वर्षालीच्या जिवात जीव यायचा, आणि तासाभरात पुन्हा जायचा, कारण मधेच कळायचं की पदराचा वारा लागला होता, किंवा सावली पुढे पडली होती. एकदा तर टाळीसरशी चारूने गर्रकन मान वळवली. वर्षालीने तिला उचलून छातीशी धरलं, रडली, मुके घेतले. मग वर बघितलं तर समोर कपाटाचा आरसा. आरशात ती स्वतः, लेकीला घेऊन.

आणखी एक गोष्ट होती. ती कोणाला सांगायची हिंमत होत नव्हती. चार-पाच महिन्यांची असताना चारू खूप बोलायची. आगू, अगं, असं काहीबाही, दिवसभर. आता बोलणं कमी होत चाललं होतं. पोरं वाढतात तसं बोलणं वाढतं ना? मग हिचं आटत काऊन चाललं?

नवरा रुपेश हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये कामाला होता. संध्याकाळी कपड्यांवर कापसाचा भुगा घेऊन यायचा. तिने सांगितलं तसा हसला.

"तू काऊन टेन्शन घेऊन राह्यली? मृदंगाले नाचते पोरगी. गावभर चर्चा आहे."

"मृदंगालेच नाचते. बाकी कायलेच नाई."

"मोबाइलवर पाहून पाहून डोकं खराब झालं तुह्यं. म्या दोन वर्षांचा होईपरेंत बोललो नाई म्हनते आई. आता बंद होतो का?"

"ते खरं आहे," वर्षाली म्हणाली. पण हसली नाही. "जन्मली तवा कान तपासाचे राह्यले होते. मशीन बंद आहे, मंग या, म्हनले. आपन गेलोच नाई."

"नाई गेलो, बरं मंग?"

"रुपेश!"

 लग्नाआधी ती त्याला नावाने हाक मारायची, कारण तो तिच्या आत्याचा मुलगा. सुलोचनेने हौसेने भावाची लेक सून करून आणली होती. लग्नानंतर 'अहो' आलं. नाव आता फक्त खूप रागात किंवा खूप भीतीत निघायचं. यातलं कोणतं, ते रुपेशला कळलं. तो हात धुवायला मोरीत गेला आणि बराच वेळ पाणीच ओतत राहिला.

सप्ताह सुरू झाला. मंदिरामागच्या पडवीत बायका महाप्रसादाची वांगी चिरायला बसल्या होत्या. चारू सुलोचनेच्या मांडीवर. आतून मृदंग लागायचा आवाज येत होता.

"आज्यावर गेली हो, सुलोचनाबाई," एकीने म्हटलं.

"नाई वं," सुलोचना म्हणाली. "ही माह्या गंगूआत्यावर गेली. आमच्या आबाची बहीन. जन्माची मुकी. कानानं पन बंद. ढग गडगडो, बैल अंगावर येवो, तिले पत्ता नाई. पन देवळात कीर्तन लागलं का येऊन बसे, मृदंगवाल्याच्या बाजूचा लाकडी खांब होता ना, त्याले पाठ लावून. आन् बरोब्बर तालावर डुले. एक मात्रा चुकत नाई! बुवा म्हनत, हिचे कान देवानं फक्त नामासाठी ठेवले. लोक तिच्या पाया पडत." तिने चारूची हनुवटी धरली. "माह्या मनात तर येते, तीच आली परत."

बायकांनी हात जोडले. एक-दोघींचे डोळे भरून आले. खरंच भरून यावेत अशीच गोष्ट होती.

वर्षालीच्या हातातलं वांगं तसंच राहिलं. गंगूआत्याचं नाव तिने लहानपणी ऐकलं होतं, मुकी होती एवढंच. ही खांबाची गोष्ट नव्हती ऐकली. लाकडी खांब. मृदंगाच्या बाजूचा. पाठ लावून. तिला मंच दिसला, फळ्या दिसल्या, फळ्यांवरची गोधडी दिसली.

ती उठली आणि मंडपात गेली. कीर्तनाला वेळ होता. वासुदेवराव एकटेच बसून मृदंगाचे लाकडी गठ्ठे सरकवून सूर लावत होते.

"मामाजी, एक काम होतं."

"बोल ना बेटा."

"चारूले मी बाहेर घेऊन उभी राहते. निंबाखाली. तिचं तोंड तिकडं करून. तुमी इथून वाजवता?"

वासुदेवराव हसले. "नातीची परीक्षा? वाजवतो. पन पास झाली तर पेढे लागन."

निंबाखाली माती होती, मऊ, पायाखाली दबणारी. वर्षालीने चारूला कडेवर घेतलं, मंदिराकडे पाठ करून. समोर एक शेळी पाला खात होती; चारू तिच्याकडे बघत होती. मागून थाप पडली. मग दुसरी. मग वासुदेवरावांनी जी तिहाई धरली ती पोरीची सगळ्यात लाडकी, जिच्यावर ती हटकून खिदळायची. पडवीतल्या बायका विळ्या थांबवून बघायला लागल्या. कावळे उडाले. शेळीने कान टवकारले.

चारू शेळीकडे बघत होती.

वासुदेवराव जोरात वाजवायला लागले. मग अजून जोरात. एवढं जोरात ते काल्याच्या कीर्तनातही वाजवत नसत. कणीक उखडेल असं वाजवलं. मग एकदम थांबले.

काही वेळाने ते बाहेर आले. हाताला कणीक तशीच होती.

"झोप आली असन तिले," ते म्हणाले.

 चारूने आजोबांना पाहिलं आणि दोन्ही हात पुढे केले. त्यांनी तिला घेतलं, आत नेलं, मंचावर गोधडीवर ठेवलं आणि धुमेवर हलकी, अगदी हलकी थाप मारली. पाय वर गेले. ती पोटापासून हसली. त्यांनी तिला उचलून आपल्या मांडीवर, छातीशी धरलं, फळ्यांपासून वर, आणि एक हात लांब करून तेवढीच हलकी थाप मारली. चारू त्यांच्या मिशा ओढत राहिली.

चाळीस वर्षं ज्याने हातांनी ऐकलं त्या माणसाला यापुढे काही समजावायची गरज नव्हती. त्यांनी पोरीला आईकडे दिलं. म्हणाले, "मोठ्या दवाखान्यात फोन कर."

फोन वर्षालीने केला. वर्ध्याच्या दवाखान्यात लहान मुलांचे कान तपासणाऱ्या मॅडमची वेळ मिळाली ती नेमकी काल्याच्या दिवसाची. ती गेली तर पुढची पंधरवड्यानंतर.

सुलोचनेने ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "काल्याच्या दिवशी दवाखाना? पोरीले किस्नाचा मुकुट घालून बुवाच्या मांडीवर द्यायाची बोलली मी. गावाले बोलली. पंधरा दिवसानं काय कान पळून चालले का?"

"आत्या, मले थांबवत नाई आता."

"काऊन पन? हसत्या-खेळत्या पोरीले रोगी करून राह्यली तू! माह्या गंगूआत्याचं काय वाईट झालं? लोक पाया पडत होते तिच्या!"

वर्षालीसमोर एकटी सासू नव्हती. आत्या, सासू, आणि लहानपणी न्हाऊ घालणारी, तिघी एकाच बाईत होत्या. कोणाला उलट बोलायचं?

"मी जातो संग," वासुदेवराव म्हणाले.

 काल्याच्या कीर्तनाला वासुदेवरावांचा मृदंग नाही, असं सुलोचना सून होऊन आल्यापासून झालं नव्हतं.

"आन् वाजवन कोन?"

"चिंधू."

"चिंधू?" सुलोचना एवढंच म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा भीती दिसली. चिंधूला काला देतात म्हणजे काहीतरी फार वाईट असणार.

काल्याच्या दिवशी सकाळी मंदिरावरून ते निघाले तेव्हा टाळ लागले होते. बसमध्ये चारूला मधे घेऊन वर्षाली, रुपेश आणि वासुदेवराव बसले. हिंगणघाट आलं, वर्ध्याची बस धरली. चारू बसच्या पत्र्याला गाल लावून खुशीत होती. इंजिन गुरगुरलं की हसत होती. आधी बघितलं असतं तर वर्षालीला गोड वाटलं असतं. आता तिने पोरीचा गाल हळूच पत्र्यावरून काढला, मग चारू कुरकुरली तसा परत ठेवला.

मॅडमचं नाव समीक्षा. राहायला पिपरी मेघेला. तरुण, गळ्यात ओळखपत्र, बोलण्यात घाई नाही. चारूला दूध पाजून झोपवायला सांगितलं. झोपलेल्या पोरीच्या कपाळाला, कानांमागे बारीक तारा चिकटवल्या, कानात लहानशी नळी घातली. "आता मशीन तिच्या कानात आवाज सोडेल. मेंदूपर्यंत पोचला तर पडद्यावर लाट उठेल."

वर्षाली पडद्याकडे बघत राहिली. रेघ सरळ जात होती. थोडी थरथरायची, पुन्हा सरळ. मॅडम बटण फिरवत होत्या. म्हणजे आवाज वाढवत असतील. रेघ सरळ. वर्षालीने विठ्ठलाला म्हटलं, एक लाट. लहानशी. बाकी काही नाही मागत. मॅडमनी दुसरा कान घेतला. वासुदेवराव दाराशी उभे होते, हातात हात घट्ट धरून, बोटं आपोआप हलत होती. रेघ सरळ गेली, सरळ गेली, आणि शेवटी, मॅडमनी बटण पार टोकाला नेलं तेव्हा, काहीतरी किंचित उठल्यासारखं झालं.

"हे?" वर्षाली म्हणाली.

"हे फार मोठ्या आवाजाला. बोलण्याच्या आवाजाला नाही." मॅडमनी खुर्ची तिच्याकडे वळवली. "ताई, दोन्ही कानांना फारच कमी ऐकू येतं."

वर्षालीला वाटलं होतं आपण रडू. तिने चारूच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं, नीट होतं तरी.

"पन मृदंगाले हसते ना जी ती," वासुदेवराव म्हणाले. उत्तर त्यांना ठाऊक होतं, तरी विचारलं.

मॅडमनी त्यांचा हात टेबलावर ठेवायला सांगितला आणि टेबलाखालून ठोकलं. "काय आलं?"

"हादरा."

"तिला तो येतो. अंगाने. तेवढाच येतो म्हणून एवढा आवडतो." मग त्यांनी विचारलं, "घरात कोणाला जन्मापासून ऐकू येत नव्हतं?"

"नाई जी," रुपेश म्हणाला. "आमच्या घरी तर सगळे गानारे-वाजवनारे."

"गंगूआत्या," वर्षाली म्हणाली. "माझ्या आबांची बहीण. माझे बाबा आणि यांची आई, दोघं आबांचीच लेकरं."

"म्हणजे तुमचं दोघांचं लग्नाआधीचं नातं?"

"मामाची पोरगी," रुपेश म्हणाला. आपल्याकडे हे जरा अभिमानाने सांगतात. त्यानेही तसंच सुरू केलं, पण शेवटच्या शब्दाला आवाज खाली आला.

"म्हणजे माह्याकडून आलं का हिच्याकडून?" त्याने लगेच विचारलं.

"बहुतेक दोघांकडून. रक्त तपासल्यावर पक्कं सांगता येईल. पण तुम्ही सांगता त्यावरून तसंच दिसतं." मॅडमनी दोन्ही हातांची एकेक तर्जनी वर केली. "अंगातल्या बऱ्याचशा गुणांसाठी आपल्याकडे जनुकांची जोडी असते. एक आईकडून, एक वडलांकडून. ऐकण्यासाठी लागणारी एक जोडी धरा. त्यातलं एक बिघडलेलं असलं तरी दुसरं काम निभावतं. कान ठणठणीत. माणूस म्हातारा होऊन जातो, त्याला कळतही नाही की आपण एक बिघडलेलं घेऊन फिरतो. बाहेर जे दिसतं त्याला आम्ही दृश्यरूप म्हणतो, आत जे लिहिलेलं असतं ते जनुकरूप. तुमचं दोघांचं दृश्यरूप अगदी चांगलं. आत मात्र एकेक मुकं जनुक, एकाच घरातून उतरलेलं."

रुपेश जमिनीकडे बघत होता. वासुदेवराव कधी त्या दोन बोटांकडे बघत होते, कधी झोपलेल्या नातीकडे.

"टाळकऱ्यासारखं," ते म्हणाले.

"काय काका?"

"बुवाच्या मागं दोन टाळकरी राह्यतात. एकाचा गळा बसला तर दुसरा अभंगाचं ध्रुपद उचलून धरते. मंडपात बसलेल्याले पत्ताच नाई लागत. त्याले वाटते, दोघं गाऊन राह्यले." ते थांबले. "आन् हिच्या वाट्याले दोन्ही बसलेल्या गळ्याचे आले."

"हो काका," मॅडम म्हणाल्या. "तसंच."

"आणि पुढच्या वेळी?" वर्षालीने विचारलं. तिने रुपेशकडे बघितलं नाही. "पुढचं मूल झालं तर?"

"चारात एक. दर मुलाच्या वेळी पुन्हा तेवढंच. आधीच्याला झालं म्हणून पुढच्याला टळत नाही. पण त्याचा विचार आपण रक्ताच्या तपासणीनंतर बसून करू. आज हिचं बघू. आधी दोन्ही कानांना यंत्रं. काही महिने बघायचं. त्याने भागलं नाही तर ऑपरेशन करून आत यंत्र बसवतात."

"मग ऐकू येईल? बोलेल?"

"वेळेत झालं आणि घरच्यांनी रोज कष्ट घेतले तर बरंच. शब्द देत नाही ताई, पण वेळ तुमच्या बाजूने आहे. तीन-चार वर्षांची करून आणतात लोक, बोलत का नाही म्हणून."

बाहेर येऊन तिघं एका बाकावर बसले. रुपेश चहा आणायला गेला तो रिकाम्या हाताने परत आला. चहा आणायला गेलो होतो हेच विसरला म्हणाला. वासुदेवराव बोलले ते बसमध्ये बसल्यावर.

"तुह्या आत्याले माहेराचं काई सांगायचं नाई. गंगूआत्याचं नाव काढायचं नाई. डॉक्टर म्हनते मशीन लागन, एवढंच सांगू. ती मोडून जाईन."

वर्षालीने मान हलवली. बस चालली होती. तिच्या डोक्यात एकच हिशेब फिरत होता: आबा, मग बाबा आणि आत्या, मग ती आणि रुपेश, मग चारू. सगळे बोलणारे, गाणारे, खळखळून हसणारे लोक, आणि त्यांच्या आतून एक गप्प बाई हळूहळू चालत आली होती. कोणाला न दिसता. आणि अजून चालत असेल.

ते पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. काला होऊन गेला होता. सुलोचना दारातल्या ओट्यावर बसली होती, वाटीत काला झाकून ठेवलेला. शेजारी चिंधू उभा.

"बुवा, विचारत नाई काय, कसं वाजवलं म्हून?"

"कसं वाजवलं?"

"दोनदा चुकलो."

"दोनदाच? मंग पास झाला तू." वासुदेवराव हसले, पण त्यांच्या तोंडाकडे बघून चिंधूने चपला घातल्या आणि गेला.

सुलोचनेने चारूला घेतलं. काल्यातलं दही बोटावर घेऊन तिच्या ओठांना लावलं. चारूने जीभ काढून चाटलं.

"काय म्हने डॉक्टर?"

"मशीन लागन म्हनते कानाले," वासुदेवराव म्हणाले. "आजकाल लय चांगल्या मशीनी आहे."

"हं."

तिने पोरीच्या ओठांवरचं उरलेलं दही पुसलं. मग वर न बघता म्हणाली, "गंगूआत्यासारखं ना?"

वर्षालीने वासुदेवरावांकडे बघितलं.

"मले सकाळपासून तेच दिसून राह्यलं. बुवानं काला फोडला, सगळे ओरडले, आन् मले गंगूआत्या दिसली. मी लहान होती तवा अंगनात गानं म्हनत बसली का ती जवळ ये. आन् इथं हात ठेवे." सुलोचनेने स्वतःच्या गळ्यावर बोटं टेकवली. "गुदगुल्या होत मले. मी पळून जाओ. सगळे हसत, पाहा पाहा, गंगू गळा दाबते पोरीचा. तिले ऐकाचं होतं वं. ऐकाचं होतं तिले. पाया पडलो आमी तिच्या, पन बोललं कोनीच नाई तिच्यासंग." तिचा आवाज फुटला. "आन् तेच घेऊन आली मी या घरात. तेवढ्यानं भागलं नाई, तुले बी आनली. भावाची पोरगी, घरची पोरगी, म्हून."

"आत्या—"

"माह्याच माहेराचं आहे. लपवता कायले माह्यापासून?"

वासुदेवराव तिच्या शेजारी ओट्यावर टेकले. "दिसत होतं काय तुले? तुह्या आबाले दिसलं होतं काय? दिसलं असतं अन् आनलं असतं तर गुन्हा तुह्या डोक्यावर. आत काय आहे ते आत्तापरेंत पांडुरंगालेच माहीत होतं. आता आपल्याले माहीत झालं. आता नाई केलं तर मात्र आपला गुन्हा."

सुलोचनेने पदराने नाक पुसलं. चारू तिच्या रडक्या तोंडाकडे टक लावून बघत होती, आणि आपलंही तोंड वाकडं करायच्या बेतात होती. सुलोचनेने तिचा दह्याने चिकट झालेला तळवा घेतला आणि आपल्या गळ्यावर ठेवला. मग विठ्ठल विठ्ठल म्हणायला लागली. आधी नुसतं पुटपुटली. मग आवाज भरला, मंडपात म्हणतात तसा, छातीतून.

चारूचे डोळे मोठे झाले. दुसराही हात तिने आजीच्या गळ्यावर ठेवला. पाय हलायला लागले.

सुलोचना थांबली. "मशीन कधी लावनार?"

"बुधवारी बोलावलं मॅडमनं," वर्षाली म्हणाली.

"मी येते संग. बायकांले समजते बायकांचं. हे लोक काई आनाले गेले का तसेच वापस येतात."

रुपेशने मान खाली घातली. त्याचे डोळे ओले होते.

वर्षाली घरात गेली. चूल, ओटा, फळी, फळीवर ती परात. बुधवार. मग काही महिने. मग कदाचित ऑपरेशन. चारात एक. भीती होती तशीच होती. फक्त आता तिला नाव होतं, म्हणून ती जास्त जवळ आल्यासारखी वाटत होती. यंत्राने नाही भागलं तर? बोलली नाही तर? लाट नाही उठली तर?

थोड्या वेळाने सुलोचनेने चारूला आत आणून सतरंजीवर बसवलं, दाराकडे पाठ करून. चारू एका झाकणाशी खेळायला लागली. वर्षाली सवयीने तिच्या मागे जाऊन उभी राहिली. दोन्ही हात टाळीसाठी वर आलेसुद्धा.

मग तिला कळलं की किती दिवस झाले, आपण हिच्या पाठीमागेच उभ्या आहोत.

ती फिरून पुढे आली. सतरंजीवर मांडी घालून बसली, एवढी जवळ की चारूला तिच्याकडे बघावंच लागलं. चारूने झाकण खाली ठेवलं. वर्षालीने तिचा हात घेऊन आपल्या गळ्यावर ठेवला आणि तिला तिचं नाव सांगितलं, चारू.